रोपाची पानं कधी गेली? कोरड्या माळावर रानझाडं जगवण्याची रीत

कोल्हापूर म्हटलं की पाऊस, पंचगंगा आणि ऊस. पण याच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शिरोळकडे ५००-६०० वर भागवावं लागतं. ही दोन गावं सरळ रेषेत १०० किलोमीटरसुद्धा लांब नाहीत. हातकणंगले, शिरोळ, कागल आणि गडहिंग्लजचा पूर्व भाग, आळत्याचा आणि बाहुबलीचा डोंगर, हा सगळा पानझडी आणि काटेरी रानाचा मुलूख आहे. पाऊस चार महिन्यांचा, तोही उघडीप देत देत. उरलेले सात-आठ महिने रोपानं आपलं आपण बघायचं.

या माळांवर दर जूनमध्ये रोपं लागतात आणि मार्चमध्ये तिथं नुसत्या काड्या उभ्या दिसतात. लोक म्हणतात, "गेली सगळी." माझं सांगणं असं की त्यातल्या पुष्कळ काड्या जिवंत असतात. आणि ज्या खरोखर मेल्या, त्यातल्या बऱ्याच जणींचा निकाल मार्चमध्ये लागलेला नसतो. तो सप्टेंबरात लागलेला असतो, अळीनं किंवा शेळीनं पानं ओरबाडली तेव्हा. म्हणून रानझाडाच्या रोपाकडे बघताना पानं किती गेली यापेक्षा ती कोणत्या महिन्यात गेली हे आधी विचारा. पुढची सगळी कामं या एका प्रश्नाभोवती लावली आहेत.

आधी रोपाचा हिशेब

पान दोन कामं एकाच वेळी करतं. ते अन्न तयार करतं आणि पाणी खर्च करतं. दोन्हींचं दार एकच, पानाच्या खालच्या अंगावरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं. ती उघडी असली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेनं पाण्याची वाफ बाहेर जाते. जमीन सुकायला लागली की रोप ही दारं बंद करतं. पाणी वाचतं, पण अन्न तयार होणंही थांबतं. रोप श्वास मात्र चालूच ठेवतं, त्यामुळे साठवलेला पिष्टाचा (स्टार्चचा) साठा हळूहळू खर्ची पडतो.

मरण दोन वाटांनी येतं. एक वाट पाण्याची. मुळापासून शेंड्यापर्यंत खोडाच्या बारीक नळ्यांतून पाण्याचा सलग धागा ताणलेला असतो. जमिनीतून पाणी मिळेना आणि वरून पानं ओढत राहिली की तो धागा तुटतो, नळीत हवा शिरते आणि ती नळी निकामी होते. अशा पुरेशा नळ्या निकामी झाल्या की वरचा भाग वाळतो. दुसरी वाट उपासमारीची. पानं नाहीत किंवा दारं बंद आहेत, साठा संपला, मग पाऊस आला तरी नवी पालवी फोडायला रोपाकडे काही उरत नाही.

पानझडीचं झाड उन्हाळ्यात पानं टाकतं ते पहिल्या वाटेपासून वाचायला. पण पानं टाकली की दुसऱ्या वाटेकडे जाणं आलंच. म्हणून पानं टाकण्याआधी मूळ भरलेलं असावं लागतं. मूळ ही रोपाची कणगी आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत ती भरली तर मे महिन्यापर्यंत पुरते.

यातूनच एक गोष्ट निघते, जी पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. दुष्काळ आणि पानं जाणं हे दोन घाव एकावर एक पडले म्हणजे नुकसान दुप्पट होतंच असं नाही. कोरड्या मातीत ज्याची पानं गेली ते रोप पाणी कमी ओढतं, त्यामुळे त्याच्या बुंध्याजवळच्या मातीतली ओल जास्त दिवस टिकते. भर उन्हाळ्यात ते पानवाल्या शेजाऱ्यापेक्षा बरं निभावूही शकतं. पण तीच पानं पावसाळ्यात, साठा व्हायच्या आधी गेली असतील तर पुढचा कोरडा काळ त्याला झेपत नाही. घाव तेच, क्रम बदलला की परिणाम बदलतो.

मुळाच्या ताकदीवर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी सागाची जडी पाहावी. वनखात्याच्या रोपवाटिकांत सागाचं वर्षाचं रोप उपटून खोड बुडापासून दोन-तीन सेंटिमीटर ठेवून छाटतात, मूळ वीतभर ठेवतात, पान एकही नसतं. ती जडी पावसात पहारीच्या भोकात बसवली की तिला कोंब फुटतो. सागाची कितीतरी लागवड अशीच झाली आहे.

जागा वाचणं, एप्रिल-मे

पहार घेऊन माळावर जा आणि ठिकठिकाणी मारून बघा. हातभर आत गेली तर मुरूम फुटका आहे, मुळं उतरतील. टणकन वाजली तर खाली पाषाण आहे. तिथे खड्डा काढला तरी तो दगडी भांडंच होणार, पावसात पाणी साचेल आणि जानेवारीत भट्टी होईल. अशी जागा सोडून द्या. दक्षिण आणि पश्चिम उतार दुपारच्या उन्हाला तोंड देतात, तिथे सगळ्यात चिवट जाती. ओघळीच्या कडेला जरा लाडाच्या.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यांवर, मात्र झाडं लावू नका. ती जागा ओसाड नाही. तिथलं गवत आणि पावसाळी फुलांच्या वनस्पती हेच तिथलं रान आहे.

खड्डे दीड फूट लांब, रुंद आणि खोल. एप्रिलमध्येच काढून ऊन खाऊ द्या. उतारावर खड्ड्याच्या खालच्या बाजूला काढलेल्या मुरमाचा अर्धचंद्र बांध घाला, म्हणजे वरून येणारं पाणी तिथं थबकेल.

कोणत्या जाती, आणि त्यांचा स्वभाव

जाती निवडताना लोक फूल, फळ, सावली बघतात. माळावर आधी स्वभाव बघावा. तहान लागल्यावर हे झाड काय करतं आणि पान गेल्यावर काय करतं?

पहिला गट पाणी साठवणाऱ्यांचा: पांगारा, काटेसावर, शेमट. यांचं लाकूड हलकं, खोडात आणि मुळात पाणी. काटेसावरीच्या कोवळ्या रोपाचं मूळ गाजरासारखं फुगतं, ते उपटून बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. ही झाडं दुष्काळाशी झुंजत नाहीत, पानं लवकर टाकून मोकळी होतात. पहिल्या वर्षी ती डिसेंबरातच उघडी पडली तर घाबरू नका. यांचा वैरी तहान नसून साचलेलं पाणी आहे.

दुसरा गट चिवटांचा: खैर, हिवर, धावडा, बोर. लाकूड जड, वाढ सावकाश. खैर आणि हिवराची पानं बारीक पर्णिकांची. माती बरीच सुकली तरी ही झाडं थोडंफार काम चालू ठेवतात. तहान सोसतात, पण पानं पुन्हा पुन्हा ओरबाडली गेली तर भरपाई करायला यांना वेळ लागतो. म्हणून खैराच्या रोपाला पाण्यापेक्षा कुंपणाची गरज जास्त. काटे आहेत म्हणून शेळी सोडेल या भरवशावर राहू नका. वर्षाच्या रोपाचे काटे शेळीला काहीच वाटत नाहीत.

तिसरा गट भरभर वाढणाऱ्यांचा: शिवण, बहावा, शिरीष, साग. पावसात पान खाल्लं गेलं तर ही झाडं जोमानं नवी पालवी काढतात. पण वाढीच्या भरात पानांचा पसारा मोठा होतो आणि उघडीप लांबली की माना टाकतात. शिवणीचा पाला जनावरांना फार आवडतो हे लक्षात ठेवा.

पळस मी वेगळा काढतो. त्याचं बी मोठं, मूळ जाड आणि खोल. वरचा भाग वणव्यात जळाला, तोडला, चरला, तरी बुडातून पुन्हा येतो. मुरमाड माळावर एकच जात लावायची सक्ती झाली तर मी पळस लावीन. बिवळ्याची रोपंही पहिली काही वर्षं उन्हाळ्यात वरून मरतात आणि पावसात बुडातून फुटतात. वर काही दिसत नसताना खाली मूळ पोसत असतं, आणि ते पुरेसं झालं की एके वर्षी खोड उभं राहतं. ज्याला हे ठाऊक नाही तो ते रोप दुसऱ्याच वर्षी उपटून टाकतो.

एका माळावर तिन्ही गट मिसळून लावा. पाऊस कसा लागेल ते जूनमध्ये कुणालाच ठाऊक नसतं.

बी आणि पिशवी

पळसाचं बी ताजं असताना पेरा, काही दिवसांत उगवतं. कडुनिंब आणि मोहाचं बी टिकत नाही. झाडाखालून गोळा केलं की दोन-तीन आठवड्यांच्या आत मातीत जायला हवं. बहाव्याचं कवच कठीण, म्हणून बी एका टोकाला खरखरीत दगडावर घासा किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा. खैराला एवढं काही लागत नाही. धावड्याचं बी भरपूर मिळतं पण उगवण फारच थोडी, त्यामुळे वाफ्यात दाट फेकून पेरा. साग वरच्या जाड आवरणामुळे आडमुठा असतो. बी एक दिवस भिजवून एक दिवस उन्हात वाळवायचं, असं आठवडा-दोन आठवडे केलं की कवच सैल होतं.

मिश्रण दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम. शेणखत वाढवायचा मोह टाळा. भरल्या ताटावर वाढलेलं रोप उंच, पानदार आणि मुळानं कच्चं होतं.

पिशवीच्या उंचीबद्दल मी आग्रही आहे. ५ बाय ७ इंचांची पिशवी स्वस्त पडते, पण सोटमुळाला तळ लगेच लागतो आणि ते तिथं गोल फिरायला लागतं. असं गुंडाळलेलं मूळ माळावर गेल्यावरही खाली उतरायचं विसरतं. निदान १० इंच उंच पिशवी घ्या. दर तीन-चार आठवड्यांनी पिशव्या उचलून जागा बदला, म्हणजे जमिनीत घुसलेली मुळं तुटून आत बारीक मुळं फुटतील. शक्य असेल तर वर्षाचं रोप लावा, चार महिन्यांचं नको. बुडाशी पेन्सिलीएवढी जाडी, उंची दीड-दोन फूट, खोड आधाराशिवाय उभं. पाच फूट उंच आणि काठीला बांधलेलं रोप फोटोत छान दिसतं, माळावर टिकत नाही.

पाणी तोडणं

रोपवाटिकेत रोज पाणी पिणाऱ्या रोपाला थेट माळावर नेणं अन्याय आहे. लागवडीच्या सहा आठवडे आधी, म्हणजे एप्रिलअखेरीपासून, सावलीची जाळी काढा आणि पाणी तोडत जा. रोजचं एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग जातीचा अंदाज घेऊन त्याहून लांब.

किती तोडायचं हे रोपच सांगतं. भर दुपारी पानं किंचित लवली आणि संध्याकाळी सरळ झाली तर ठीक आहे. सकाळी उजाडताना जाऊन बघा. रात्रभरात सावरून पानं ताठ उभी असतील तर आणखी एक दिवस थांबा. पहाटेसुद्धा लवलेली असतील तर त्याच वेळी पाणी द्या, पिशवीच्या तळातून निथळेपर्यंत. अशा रोपाची नवी पानं जरा लहान आणि जाड येतात आणि मुळांचा भाग पानांच्या मानानं वाढतो. वळीव झाला की पिशव्या आपोआप भिजतात, त्यावर इलाज नाही, मोजणी पुन्हा सुरू करायची.

लागवड

वळवाच्या सरींवर भुलून लागवड करू नका. मृगाचा पाऊस लागून खड्ड्यातली माती वीतभर खोल भिजली, वाफसा आला, की रोप लावा. पूर्वेकडच्या माळांवर आर्द्रा आणि तरणा (पुनर्वसू) या नक्षत्रांच्या आत काम आटोपलेलं बरं. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर रोपं लावायची पद्धत अनेक गावांत आहे. भावना चांगली, पण त्या रोपाला पावसाचे जेमतेम सहा-सात आठवडे मिळतात. मूळ भरायला तेवढे पुरत नाहीत. त्या दिवशी रोपं लावण्याऐवजी लावलेल्या रोपांची निंदणी ठेवा.

लावताना पिशवी फाडून तळाची गोल फिरलेली मुळं धारदार कात्रीनं कापा. मातीचा गड्डा फुटू देऊ नका. बुडाशी माती पायानं दाबा, पोकळी राहिली तर मुळं हवेत लोंबतात.

जून ते सप्टेंबर: पान राखा

या चार महिन्यांत एकच काम, पान जागेवर ठेवणं. बहाव्यावर फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या येतात आणि आठवड्यात रोपाचा खराटा करतात. सागावर पावसाच्या सुरुवातीला पानं खाणारी अळी येते आणि पुढे पानाची नुसती जाळी करून ठेवणारी. करंजाच्या पानावर गाठी येतात, पण त्या दिसायला वाईट असल्या तरी रोप त्यानं मरत नाही.

जून-जुलैत पानं खाल्ली गेली तर काही करू नका. फवारणी नको, छाटणी तर अजिबात नको. पाऊस आहे, वेळ आहे, नवी पालवी येईल. फक्त भोवतीचं गवत काढा, कारण नव्या पानाला ऊन हवं. त्याच रोपाची पालवी दुसऱ्यांदा खाल्ली जायला लागली तर अळ्या हातानं वेचा. ऑगस्टअखेरीनंतर मात्र गाफील राहू नका. दर आठवड्याला फेरी मारा. या दिवसांत गेलेलं पान महाग पडतं, कारण ते परत आणायला रोपाला मुळातला साठा उपसावा लागतो आणि तो पुन्हा भरायला पाऊस उरलेला नसतो. सप्टेंबरात उघडी पडलेली रोपं लाल कापडाची चिंधी बांधून ठेवा. त्यांची काळजी पुढे वेगळी घ्यायची आहे.

युरिया नको. त्यानं मऊ, रसरशीत पान येतं, ते अळीलाही आवडतं आणि तहानेलाही आधी बळी पडतं.

शेळ्या-मेंढ्यांसाठी बोराट्या आणि हिवराच्या फांद्यांचं कुंपण सगळ्यात खात्रीचं. पण त्याहून आधी मेंढपाळांशी बोला. रोपं कुठं आहेत हे त्यांना दाखवलं, कळपाची वाट मोकळी ठेवली तर ते स्वतः कळप वळवतात. गवत कापून न्यायला मुभा दिली तर वणव्याचं जळणही आपोआप कमी होतं.

ऑक्टोबर ते डिसेंबर: खरी कमाई

पाऊस थांबला, आभाळ निवळलं, ऊन लख्ख आहे आणि खाली ओल आहे. रोपासाठी वर्षातले हे सगळ्यात मोलाचे आठवडे. तयार झालेलं अन्न आता शेंड्यापेक्षा मुळाकडे जातं. इथेच गवत आडवं येतं. कुसळी गवताची मुळं वरच्या थरातली ओल पंधरा दिवसांत शोषून घेतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रोपाभोवती हातभर गवत मुळासकट काढा.

आच्छादनाला आपल्याकडे उसाचं पाचट मुबलक. काळ्या मातीत, शेताच्या बांधावर ते उत्तम. माळावर दोन अडचणी आहेत: वाळवी आणि वणवा. म्हणून माळावर दगड वापरा. नारळाएवढे चपटे दगड बुंध्यापासून चार बोटं सोडून गोल रचा. दगडाखाली ओल किती टिकते ते जानेवारीत एक उचलून बघा, हाताला गारवा लागतो.

आता पाण्याबद्दलचं माझं मत, जे अनेकांना उलटं वाटतं. टँकरचं पाणी मोजकंच असेल तर त्यातलं निम्मं नोव्हेंबर-डिसेंबरात द्या. तेव्हा पानं आहेत, त्या पाण्याचं अन्न होतं आणि ते मुळात जातं. बहुतेक ठिकाणी सगळं पाणी एप्रिलसाठी राखतात, जेव्हा रोपाला पानच नसतं. चिंधी बांधलेल्या रोपांना आधी द्या. एका वेळी आठ-दहा लिटर, सावकाश, तीन आठवड्यांच्या अंतरानं. रोज तांब्याभर पाणी दिलं तर वरची चार बोटं माती भिजते आणि मुळं तिथंच घोटाळतात. बुडाला भोक पाडून वात घातलेलं मातीचं मडकं रोपाशेजारी पुरलं तर पाणी थेट खाली झिरपतं.

शाळा-कॉलेजांसाठी एक चाचणी

वर सांगितलेलं डोळ्यांनी बघायचं असेल तर हाच हंगाम योग्य. जूनमध्ये पेरलेली एकाच जातीची, एकाच उंचीची ४० रोपं घ्या, सारख्या पिशव्यांत. दहा-दहाचे चार गट करा: भरपूर पाणी आणि पानं तशीच, भरपूर पाणी आणि पानं काढलेली, तहानलेली आणि पानं तशीच, तहानलेली आणि पानं काढलेली. पानं कात्रीनं कापा, देठ राहू द्या, कोंब दुखवू नका. परतीचा पाऊस येईल म्हणून वर पारदर्शक कागदाचं छप्पर हवं, बाजू मोकळ्या. पिशव्यांच्या जागा दर आठवड्याला अदलाबदल करा, नाहीतर कडेच्या रोपांना जास्त ऊन मिळून हिशेब चुकतो.

सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे किराणा दुकानातला वजनकाटा. प्रत्येक पिशवी तुडुंब भिजवून रात्रभर निथळू द्या आणि सकाळी वजन घ्या. मग रोज त्याच वेळी. तहानलेल्या दोन गटांत फरक दिसेल: पानं काढलेल्या पिशव्यांचं वजन सावकाश उतरतं, कारण पाणी ओढणारं कुणी नाही. म्हणजे दोन्ही गटांना पाणी सारखंच बंद केलं तरी तहान सारखी नसते. हे ध्यानात न घेता केलेल्या प्रयोगात, तहान कमी लागल्यामुळे रोप टिकलं तरी त्याचं श्रेय भलत्याच गोष्टीला जातं. एकदा तसंच चालू द्या, आणि दुसऱ्या खेपेला दोन्ही गटांची पिशवी एकाच वजनावर राहील इतकं मोजून पाणी घाला.

सहा आठवड्यांनी प्रत्येक गटातली तीन रोपं काढा, मूळ धुवा, आडवी पातळ चकती कापा आणि त्यावर आयोडीनच्या पातळ द्रावणाचा थेंब टाका. पिष्ट असेल तिथं चकती काळीनिळी होते, नसेल तिथं पिवळट-तपकिरी राहते. चारही गटांच्या चकत्या पांढऱ्या बशीत शेजारी ठेवल्या की सातवीतल्या मुलालाही कणगी कुणाची भरली ते दिसतं. उरलेल्या रोपांना पुन्हा पाणी सुरू करा आणि महिनाभर कोंब मोजा. बहाव्यावर आणि खैरावर अशा दोन चाचण्या शेजारी लावल्या तर स्वभावातला फरक कळेल.

जानेवारी ते मे: काडी वाचायला शिका

पान कसं गेलं ते बघा. खालून वर पिवळं होत, देठासकट सुटून पडलं, खोडावर स्वच्छ वण राहिला आणि शेंड्याची कळी घट्ट आहे, तर रोपानं ते स्वतः टाकलं आहे. पान गाळणं हे जिवंत पेशींचं काम आहे. याउलट पानं हिरवी असतानाच करपली आणि वाळून फांदीलाच चिकटून राहिली तर पाण्याचा धागा अचानक तुटला, रोपाला पान टाकायलाही सवड मिळाली नाही. हे वाईट लक्षण. काळ्या जमिनीत पानं पिवळी पडून खोडाचं बूड मऊ झालं आणि मुळांना कुजका वास आला तर पाणी जास्त झालं आहे. शेंडे एका उंचीवर तुटलेले असतील तर जनावर.

काडीचा जीव बघायचा तर नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर जिवंत. शेंड्याला तपकिरी निघालं तर खाली या, वीतभर, आणखी वीतभर, अगदी मातीच्या पातळीपर्यंत. बुडाशी हिरवं सापडलं तरी पुरे.

ज्या रोपानं स्वतः पानं टाकली आहेत त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये भरमसाट पाणी पाजून पालवी काढायला लावू नका. ती पालवी साठ्यातून येते आणि नंतर पाणी चुकलं की वाळते, साठा गेला तो गेलाच. पाणी फक्त तेव्हा, जेव्हा खोडाची साल सुरकुतायला लागते. तेव्हा दहा लिटर, संध्याकाळी, एकदाच. सप्टेंबरच्या चिंधीवाल्या रोपांना सालीची वाट न बघता महिन्यातून एकदा द्या. दक्षिण-पश्चिमेला वाळक्या फांद्यांचा आडोसा लावला तर दुपारचा तडाखा बराच कमी होतो.

वणव्यासाठी जाळरेषा जानेवारीतच काढा, गवत पूर्ण वाळण्याआधी. लागवडीभोवती निदान तीन मीटर पट्टा साफ हवा.

दुसरा पावसाळा: मग मोजा

जिवंत-मृत मोजणी मार्चमध्ये करू नका, मेमध्ये नको, पहिल्या पावसानंतर लगेचही नको. जुलैच्या मध्यावर करा. नोंदवहीत तीन रकाने ठेवा: शेंड्यापासून फुटलेली, बुडातून फुटलेली, न फुटलेली. न फुटलेल्यांपैकी पळस आणि बिवळ्याच्या खड्ड्यांना ऑगस्टअखेरपर्यंत हात लावू नका. बाकीच्या जागी सालीची परीक्षा करून मग नवं रोप लावा, आणि तिथं मागच्या वर्षी कोणती जात गेली ते लिहून ठेवा. एकाच ओळीत एकाच जातीची रोपं गेली असतील तर जात बदला. वेगवेगळ्या जातींची एकाच पट्ट्यात गेली असतील तर खाली पाषाण आहे का ते पहारीनं पुन्हा तपासा.

बुडातून फुटलेल्या रोपाला सहसा तीन-चार धुमारे येतात. लगेच कापू नका. पहिल्या पावसाळ्यात सगळेच राहू द्या, जितकी पानं तितकं मुळात जाणार. जानेवारीत पानं पिवळी पडायला लागली की सगळ्यात जाड आणि सरळ धुमारा ठेवून बाकीचे बुडाशी धारदार कोयत्यानं छाटा. वरची वाळलेली जुनी काडीही तेव्हाच काढा, हिरव्या सालीच्या जरा वर, तिरका काप देऊन.